बाकरवडीचं पाकीट आणि खासगी विमान

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका खासगी विमानाचा व्हिडिओ फिरत होता. चामड्याच्या खुर्च्या, पलंग, सोनेरी नळ. खाली सगळ्यांचं एकच: "काय थाट आहे!" पण त्या विमानातली खरी महागडी चीज व्हिडिओत दिसणं शक्यच नव्हतं. ती म्हणजे आतल्या हवेचा दाब.

पुण्याहून विमानाने दिल्लीला जाताना बाकरवडीचं सीलबंद पाकीट सोबत ठेवून बघा. लोहगावला ते हाताला मऊ लागतं. तासाभराने बाहेर काढाल तर उशीसारखं टम्म! पाकिटात कोंडलेली हवा पुण्याची, म्हणजे 560 मीटर उंचीवरची. भोवतालची केबिनची हवा मात्र आता विरळ झालेली असते. प्रवासी विमानात हा दाब 8,000 फुटांवरच्या हवेइतका, म्हणजे जवळपास 2,440 मीटर उंचीइतका उतरू द्यायला नियमाने परवानगी आहे. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकाहूनही वर आपण तासन्‌तास बसलेले असतो. लांबच्या प्रवासात डोकं जड होतं, थकवा येतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. उंचावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कमी होत नाही. ते सगळीकडे 21 टक्केच असतं. कमी होतो तो दाब, आणि म्हणून फुप्फुसातून रक्तात शिरणारा ऑक्सिजन. ट्रेकला जाणाऱ्यांच्या गळ्यात 'शुद्ध ऑक्सिजन'चे फवारे मारायचे डबे घालणाऱ्या जाहिरातींना म्हणूनच भुलू नये. सिंहगड चढायला त्यांची काहीही गरज नाही.

आता गल्फस्ट्रीम जी 650 हे अतिश्रीमंतांचं आवडतं विमान घ्या. ते 51,000 फुटांपर्यंत चढतं. ते 41,000 फुटांवर असतं तेव्हा आतला दाब असतो तीनेक हजार फुटांवरचा. पुण्याहून थोडा वर, सिंहगडाच्या माथ्याच्या बराच खाली. बाकरवडीचं पाकीट तिथे जेमतेम फुगेल.

हे साधतं कसं? केबिनमध्ये हवा कोंडून ठेवलेली नसते. इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून दाबलेली गरम हवा काढून, थंड करून ती सतत आत सोडतात आणि एका झडपेतून सतत बाहेर जाऊ देतात. नळ चालू आणि तळाची तोटीही थोडी उघडी असलेल्या टाकीसारखं. तोटी किती उघडायची, यावर आतली पातळी ठरते. मग मोठ्या विमानांनीही झडप जरा आणखी मिटून घ्यावी, अडचण काय?

अडचण आहे विमानाच्या पत्र्याची, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सुंदर भाग हाच आहे. कुठल्याही सायकलच्या दुकानात जा. शर्यतीच्या सायकलचा बोटभर रुंदीचा टायर 100 पौंड हवा सहज पेलतो. मोटारीच्या टायरला 32 पौंड पुरतात. ट्रॅक्टरच्या मागच्या अवाढव्य टायरमध्ये पंधराच्या आसपास. नळी जितकी रुंद, तितका त्याच दाबाने तिच्या भिंतीवर पडणारा ताण जास्त. गणितात मांडायचं तर: ताण = दाब × त्रिज्या ÷ भिंतीची जाडी. त्रिज्या दुप्पट झाली तर भिंतही दुप्पट जाड हवी, नाहीतर दाब निम्म्यावर आणा.

विमान म्हणजे हवा भरलेली नळीच. जी 650 ची केबिन सुमारे 2.6 मीटर रुंद, एअरबस ए 320 या नेहमीच्या प्रवासी विमानाची 3.7 मीटर. आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक पहिल्यात जास्तीत जास्त 10.7 पौंड प्रति चौरस इंच, दुसऱ्यात 8 च्या आसपास. आता निम्म्या रुंदीने गुणा: 10.7 × 1.3 म्हणजे 13.9, आणि 8 × 1.85 म्हणजे 14.8. हिशेब ढोबळ आहे, पण गंमत बघा. दाब तिसऱ्या हिश्श्याने जास्त असूनही, पत्रा सारखाच जाड धरला तर, सडपातळ विमानाच्या पत्र्यावरचा ताण कमीच! तरीही बळ थोडंथोडकं नाही. जी 650 ची अंडाकृती खिडकी 28 इंच रुंद आणि साडेवीस इंच उंच असते. त्या एका खिडकीवर आतून दोन टनांहून जास्त रेटा बसतो.

शिवाय प्रत्येक उड्डाणात हा पत्रा एकदा ताणतो, एकदा सैलावतो. तार मागेपुढे वाकवत राहिलं की ती तुटते, तसंच हे. 1954 साली कॉमेट जातीची दोन विमानं अशाच थकव्याच्या भेगांनी आकाशात फुटली. प्रवासी विमानं दिवसातून चार-पाच फेऱ्या करतात, मालकाचं विमान त्या मानाने उभंच असतं. नव्या विमानाच्या चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन, तुमचा जीव राखते ती हँगरमध्ये टॉर्च घेऊन भेगा शोधणाऱ्या मेकॅनिकची नजर.

आणि हा दाब गेला तर? 25 ऑक्टोबर 1999 ला अमेरिकेचा नामवंत गोल्फपटू पेन स्टुअर्ट एका लहान लिअरजेटमधून निघाला. वाटेत केबिनचा दाब गेला आणि सगळे बेशुद्ध झाले. विमान मात्र जवळजवळ चार तास आपोआप उडत राहिलं आणि इंधन संपल्यावर साउथ डकोटातल्या शेतात कोसळलं. सहाही जण गेले. 43,000 फुटांच्या वर ऑक्सिजनचा मास्क नसेल तर शुद्ध टिकते ती दहा-बारा सेकंद.

म्हणून अमेरिकेच्या नियमानुसार 41,000 फुटांच्या वर दोघांपैकी एका वैमानिकाने मास्क लावलेलाच असावा लागतो. मागे मालक जवळपास पुण्याच्या हवेत झोपलेला असतो, आणि पुढे एक जण तोंडावर रबरी मास्क चढवून बसलेला असतो.