साक्ष (ख्रिस्ती)

देवाने आपल्या आयुष्यात काय केले हे एखाद्या ख्रिस्ती व्यक्तीने मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने सांगणे, याला साक्ष देणे म्हणतात. प्रवचन पाळकाचे असते, साक्ष कोणाचीही. ती द्यायला धर्मशास्त्र शिकलेले असावे लागत नाही, की अक्षरओळखही लागत नाही. त्यामुळे एरवी ज्यांना चारचौघांत बोलायची संधी मिळत नाही, अशा बायकांचा आवाज मंडळीत बरेचदा पहिल्यांदा ऐकू येतो तो साक्षीतूनच.

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत साक्ष रंगते ती घरसभेत. सतरंजी अंथरलेली असते, हातोहात ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक फिरते, दोन गीते होतात आणि पाळक विचारतात, “कोणाला साक्ष द्यायची आहे का?” थोडा वेळ कोणीच उठत नाही. मग एखादी आजी पदर सावरत उभी राहते आणि “प्रभू येशूच्या नावात सर्वांना सलाम” म्हणून सुरुवात करते. मुलाची दारू, सुनेचे अडलेले बाळंतपण, दवाखान्यात काढलेल्या रात्री असे सगळे ती सांगत जाते. मध्येच गळा दाटतो. कोणीतरी “आमेन” म्हणते, तेवढ्या आधारावर ती पुढे सरकते. शेवटी पाठ असलेले एखादे वचन म्हणते आणि “माझ्यासाठी प्रार्थना करा” म्हणत खाली बसते. मुलाची दारू सुटलेली असतेच असे नाही. पण कोपऱ्यात बसलेल्या, तेच भोगत असलेल्या दुसऱ्या बाईला आपण एकट्या नाही एवढे कळलेले असते. साक्षीचा खरा आधार बहुधा हाच असतो.

बायबलमध्ये या प्रथेची मुळे ठिकठिकाणी सापडतात. भूतबाधेतून सुटलेला माणूस येशूच्या मागे यायला निघतो, तेव्हा येशू त्याला घरी पाठवतो आणि आपल्या माणसांना झाले ते सांगायला सांगतो. येशूने दृष्टी दिलेला जन्मांध माणूस परूशी धर्मपुढाऱ्यांच्या प्रश्नांना दाद देत नाही. मी आंधळा होतो आणि आता मला दिसते, एवढेच त्याला ठाऊक असते. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर पौलाला येशूचे दर्शन झाले ते प्रेषितांच्या कृत्यांत तीनदा येते, त्यांपैकी दोनदा त्याच्याच तोंडून. योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री तर घागर विहिरीवरच टाकून गावात धावते, आणि तिच्या शब्दावर गावातले पुष्कळजण विश्वास ठेवतात. साक्षीदार या अर्थाचा मूळ ग्रीक शब्द पुढे जीव देऊन साक्ष देणाऱ्याला, म्हणजे हुतात्म्यालाही लागू झाला.

चर्चच्या इतिहासात या सांगण्याला निरनिराळी वळणे मिळाली. सतराव्या शतकात अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटन (कडक आचाराच्या प्रोटेस्टंट) मंडळ्यांत आपल्या मनपरिवर्तनाची हकिगत सांगितल्याशिवाय पूर्ण सभासदत्व मिळत नसे. म्हणजे साक्ष ही एक परीक्षाच झाली होती. जर्मनीतल्या हेर्नहुटच्या मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी त्याहून हळुवार रीत पाडली. माणूस आपली जीवनकथा लिहून ठेवी, शेवटच्या दिवसांची भर घरचे घालीत, आणि अंत्यविधीच्या वेळी ती वाचली जाई. जॉन वेस्लीला २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये आलेला मनपरिवर्तनाचा अनुभव प्रसिद्ध आहे. त्याच्या मेथडिस्ट चळवळीत लहान गट दर आठवड्याला जमून आपापल्या जिवाचे बरे-वाईट एकमेकांना सांगत. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेतली ‘शेअरिंग’ची, म्हणजे आपली हकिगत गटात सांगण्याची, पद्धतही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीतूनच आली.

मराठी ख्रिस्ती माणसांतली सर्वांत विलक्षण साक्ष पंडिता रमाबाईंची. मुळात इंग्रजीत लिहिलेली ही साक्ष १९०७ मध्ये प्रसिद्ध झाली. आसामात सिलचरला राहत असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतले लूकचे शुभवर्तमान सापडले. ते तिथे कसे आले हे आपल्याला माहीत नाही, असे त्या सरळ सांगतात. पुढे लंडनच्या फुलहॅम भागात समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ख्रिस्ती भगिनी काम करताना पाहून त्यांनी विचारले, हे तुम्हाला कशामुळे सुचते? उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्रीची तीच गोष्ट वाचून दाखवण्यात आली. बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे झाला. सर्वसाधारण साक्ष इथेच थांबते: आधी अंधार, मग उजेड. रमाबाई थांबत नाहीत. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि तो मिळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लागली, असे त्या लिहितात. तोवर त्या नावारूपाला आलेल्या होत्या आणि विधवांसाठीचे त्यांचे शारदा सदनही सुरू झालेले होते. अशा वेळी हे कबूल करायला धाडस लागते.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग १९३४) साक्ष म्हणून लिहिलेली नाहीत, तरी त्या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या वर्षांतला संताप, रडारड आणि सोवळेओवळे त्यांनी लपवले नाही. उलट स्वतःवर हसत सांगितले. जातिभेद त्यांच्या मनातून आधी गेला, बाप्तिस्मा नंतर झाला.

कॅथलिकांमध्ये पापकबुली धर्मगुरूपाशी एकांतात होत असल्याने जाहीर साक्षीची चाल पूर्वी फारशी नव्हती. १९६७ पासून पसरलेल्या, पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या कॅरिस्मॅटिक चळवळीने ती तिथेही नेली.

साक्षीचे दोष मंडळीतले जुने लोक चांगले ओळखून असतात. उजेड जास्त दिसावा म्हणून आधीचा अंधार गडद केला जातो. तीच साक्ष दहाव्यांदा सांगताना तिला घोटीवपणा येतो. पती-मुलांची गुपिते त्यांना न विचारता चव्हाट्यावर येतात. आजार बरा झाल्याच्या साक्षीत डॉक्टर आणि औषधे गळून पडतात, आणि ते ऐकून कोणी गोळ्या बंद केल्या तर प्रकरण जिवावर बेतते. जाणते पाळक म्हणून साक्षीला पाचच मिनिटे देतात आणि औषध चालू ठेवायला त्याच सभेत सांगतात.