भंडाऱ्याची उधळण आणि व्हिडिओ फाइलचा आकार

ट्रायपॉडवर कॅमेरा स्थिर ठेवून चित्रित केलेले दहा मिनिटांचे कीर्तन आणि जेजुरीच्या गडावर भंडारा उधळला जात असताना टिपलेली दहा मिनिटे, हे दोन्ही व्हिडिओ एकाच कॅमेऱ्याचे आणि एकाच रेझोल्यूशनचे असले, तरी सारखाच स्पष्टपणा राखून एक्सपोर्ट केल्यास जेजुरीची फाइल कीर्तनाच्या फाइलपेक्षा कितीतरी मोठी भरते. पिक्सेल दोहोंत तितकेच असतात, मग हा फरक येतो कुठून? इंटरनेटवर व्हिडिओ चढवण्यापूर्वी फाइल लहान करू पाहणाऱ्याने सर्वप्रथम हेच समजून घ्यावे, असे मला वाटते.

1920 गुणिले 1080 पिक्सेलच्या एका फ्रेममध्ये 20,73,600 पिक्सेल असतात. प्रत्येकाच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर एका फ्रेमला सुमारे 62 लाख बाइट लागतात. सेकंदाला 25 फ्रेम या हिशेबाने दहा मिनिटांचा व्हिडिओ जसाच्या तसा साठवायचा म्हटले, तर सुमारे 93 जीबी जागा हवी. प्रत्यक्षात यूट्यूब या रेझोल्यूशनसाठी सेकंदाला 8 मेगाबिटचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाच्या व्हिडिओसाठी तेवढीच माहिती, सुचवते. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने दहा मिनिटांची फाइल साधारण 600 एमबीची होते. दीडशे भागांतला एक भाग उरतो आणि तरीही डोळ्यांना उणीव जाणवत नाही.

यातील पहिली बचत डोळ्यांच्या मर्यादेवर आधारलेली आहे. उजेड-अंधारातला बारीक फरक आपल्याला चटकन कळतो, रंगातला तितकासा कळत नाही. म्हणून शेजारच्या चार पिक्सेलना रंगाची माहिती सामायिक दिली जाते आणि निम्मा भार तिथेच उतरतो. दुसरी बचत गणिताची आहे. बंगळूरमध्ये जन्मलेले नसीर अहमद यांनी 1972 मध्ये एका गणिती रूपांतराच्या संशोधनासाठी अमेरिकेत सरकारी अनुदान मागितले, ते त्यांना मिळाले नाही, तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी 1974 मध्ये ते प्रसिद्ध केले. चित्राचा लहानसा चौकोन घेऊन त्यातील ठळक चढउतार आणि बारीक तपशील वेगळे करणारे हे ‘डिस्क्रीट कोसाइन’ रूपांतर आजही जेपेग छायाचित्रांत आणि, थोड्या बदललेल्या रूपात, बहुतेक व्हिडिओंत वापरले जाते. जो बारीक तपशील नजरेत भरत नाही, तो कोडेक, म्हणजे व्हिडिओ आकुंचित करणारी पद्धत, ढोबळ करून टाकतो.

सर्वांत मोठी बचत मात्र फ्रेम आणि फ्रेम यांच्यातील साम्यातून होते. कीर्तनात बुवांच्या मागचा पडदा, पेटीवाले, तबल्याची जोडी हे सारे एकदा नोंदवले, की पुढच्या फ्रेमसाठी ‘मागच्याप्रमाणेच’ एवढी नोंद पुरते. बुवांचा चिपळ्या धरलेला हात हलला, तरी चित्राचा तो तुकडा किती सरकला एवढेच लिहावे लागते. भंडाऱ्याचे तसे नाही. हवेत उडालेला प्रत्येक कण आपापल्या वाटेने जातो आणि क्षणात विरतो, त्यामुळे मागच्या फ्रेमवरून पुढचीचा अंदाज बांधता येत नाही आणि जवळजवळ सारे चित्र नव्याने लिहावे लागते. बिटरेट ठरावीक आणि तोकडा असला, तर नेमक्या याच क्षणी कोडेकची ओढाताण होते. व्हिडिओ तिथे थांबवून पाहावा. पिवळ्या ढगाच्या जागी ओबडधोबड चौकोन दिसतात.

म्हणून बिटरेट सरसकट खाली ओढण्यापेक्षा एक्सपोर्ट करताना बदलता बिटरेट निवडावा आणि सोय असेल तर स्थिर गुणवत्तेचा पर्याय घ्यावा. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो आरएफ या आकड्याने मिळतो. आकडा जितका मोठा, तितकी फाइल लहान आणि चित्र ढोबळ. एच.264 हे 2003 चे कोडेक जवळपास सर्वत्र चालते. 2013 च्या एचईव्हीसी या त्यापुढच्या कोडेकने तेवढ्याच गुणवत्तेची फाइल बरीच लहान होते, पण एक्सपोर्टला वेळ अधिक लागतो. मांडवातील अपुऱ्या उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढवून चित्रित केले असेल, तर चित्रभर वळवळणारे दाणे कोडेकच्या दृष्टीने भंडाऱ्यासारखेच असतात. एक्सपोर्टपूर्वी ते हलक्या हाताने कमी केले, तर फाइल तिथेच बरीच उतरते. आवाजात मात्र काटकसर करू नये. सेकंदाला 128 किलोबिटने दहा मिनिटांचा आवाज 10 एमबीच्या आतच मावतो, आणि कीर्तन तर मुळात ऐकण्यासाठीच असते.

तयार फाइल झिप करूनही आकार फारसा घटत नाही, कारण तिच्यातील पुनरावृत्ती आधीच काढून टाकलेली असते. शिवाय यूट्यूबसारखी संकेतस्थळे आपली फाइल मिळाल्यावर ती स्वतःच्या पद्धतीने पुन्हा आकुंचित करतात. आपल्याकडून आधीच चौकोन पडलेले असतील, तर तेही चित्राचा भाग समजून जपले जातात आणि त्यांवर नव्या चौकोनांची भर पडते. त्यामुळे संपूर्ण व्हिडिओ एक्सपोर्ट करण्याआधी त्यातील सर्वांत अवघड दहा सेकंद तेवढे काढून पाहावेत. उधळणीचा तो तुकडा पूर्ण पडद्यावर स्वच्छ दिसला, तर तेच सेटिंग बाकीच्या व्हिडिओला निर्धास्तपणे लावता येते.