पक्षाघातानंतर पुन्हा चालण्यासाठी जोरकस व्यायाम: रुग्ण आणि कुटुंबीयांसाठी माहिती

आमच्या केंद्रात पहिल्यांदा येणाऱ्या कुटुंबीयांना एक गोष्ट बहुधा खटकते. पलंगावर झोपून पाय उचलणे किंवा खुर्चीत बसून गुडघा सरळ करणे असे व्यायाम येथे फारसे दिसत नाहीत. रुग्णाला उभे करून चालवले जाते, आणि तेही धाप लागेपर्यंत. असे का केले जाते, त्यात कोणती काळजी घेतली जाते आणि हा व्यायाम कोणाला देता येत नाही, हे उपचार सुरू होण्यापूर्वी आपल्याला ठाऊक असावे, यासाठी हे पत्रक आहे.

पक्षाघातात मूळ इजा पायाच्या स्नायूंना होत नाही. रक्तवाहिनी तुंबल्यामुळे किंवा फुटल्यामुळे, स्नायूंना आज्ञा देणाऱ्या मेंदूच्या भागाला ती होते. मेंदूचे शाबूत राहिलेले भाग ते काम काही प्रमाणात उचलू शकतात, मात्र जे काम त्यांच्याकडून वारंवार करून घेतले जाते तेच ते शिकतात. बसून पाय उचलण्याचा सराव केला, तर बसून पाय उचलणे सुधारते आणि ताकदही वाढते, पण चालण्याच्या वेगात त्या मानाने थोडाच फरक पडतो. अमेरिका आणि कॅनडातील केंद्रांत पक्षाघाताच्या रुग्णांवर होणाऱ्या नेहमीच्या उपचारांची मोजणी करून २००९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चालण्याचा सराव असलेल्या एका सत्रात रुग्ण सरासरी ३५७ पावले चालत असल्याचे आढळले. पुन्हा चालायला शिकण्यासाठी हा सराव फारच अपुरा आहे, असे आमचे मत आहे. जोरकस पद्धतीच्या एका सत्रात, रुग्णाला झेपल्यास, दोन हजारांहून अधिक पावले होऊ शकतात.

पावलांच्या संख्येइतकाच त्यांचा जोरही महत्त्वाचा असतो. अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेच्या मज्जाविकार शाखेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, पक्षाघाताला सहा महिने उलटून गेलेल्या रुग्णांसाठी मध्यम ते अधिक तीव्रतेच्या चालण्याच्या सरावाची शिफारस आहे. चालण्याचा वेग आणि अंतर वाढवणे हा हेतू असेल, तर यंत्रमानवाच्या साह्याने चालवण्यावर भर देऊ नये, असेही त्यात म्हटले आहे. सहा महिन्यांनंतर सुधारणा होत नाही, असे आपल्याला कोणी सांगितले असेल, तर ते बरोबर नाही. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते हे खरे आहे, परंतु त्यानंतर ती थांबतेच असे नाही.

तीव्रता कशी ठरवली जाते?

आम्ही ती अंदाजाने ठरवत नाही. रुग्णाच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा बांधला जातो आणि ठोक्यांची मर्यादा प्रत्येकासाठी वेगळी काढली जाते. उदाहरणार्थ, ६० वर्षांच्या व्यक्तीचे ठोके जास्तीत जास्त मिनिटाला सुमारे १६० पर्यंत जातील असे ढोबळमानाने धरता येते. विश्रांतीच्या वेळी ते ७० असतील, तर मधले अंतर ९० चे होते. त्याच्या ६० ते ८० टक्के विश्रांतीच्या ठोक्यांत मिळवले की १२४ ते १४२ ही मर्यादा मिळते, आणि सत्राचा बराचसा वेळ ठोके या मर्यादेत राहावेत असा आमचा प्रयत्न असतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी सुरू असेल, तर ठोके औषधानेच रोखलेले असतात आणि हे गणित लागू पडत नाही. अशा रुग्णांच्या बाबतीत 'किती कष्ट वाटतात' हे ६ ते २० अंकांच्या मोजपट्टीवर विचारले जाते; १४ ते १७ म्हणजे कष्टाचे ते खूप कष्टाचे.

सत्रात कमरेला रुंद पट्टा बांधलेला असतो आणि थेरपिस्ट रुग्णाच्या अशक्त बाजूला, किंचित मागे उभे राहतात. ट्रेडमिलवर चालताना वर टांगलेला हार्नेस असतो, पण तो पडण्यापासून वाचवण्यासाठी असतो. शरीराचा भार पेलण्यासाठी त्याचा उपयोग गरजेपुरताच केला जातो. थोडा वेळ सावकाश चालल्यावर, सुरक्षित राहून जमेल तितक्या वेगाने सुमारे ३० सेकंद चालणे आणि मग थोडी विश्रांती, असे आवर्तन घेतले जाते. पुढे अडथळे ओलांडणे, जिना चढणे, बाजूला आणि मागे चालणे यांची भर पडते. पुरेशी सोपी झालेली गोष्ट आम्ही मुद्दाम अवघड करतो. अशा वेळी रुग्ण अडखळतो. पाऊल लोंबून चवडा जमिनीला घासतो, गुडघा मागे झटकतो. पाहणाऱ्याला हे बरे वाटत नाही आणि 'नीट टाका पाऊल' असे शब्द तोंडून निघतात. कृपया ते टाळावेत. पाय पुढे येत आहे, गुडघा भार पेलत आहे आणि तोल सावरला जात आहे, तोवर आम्ही प्रत्येक पाऊल सुधारत बसत नाही. घोट्याला ब्रेस लागत असेल तर तो घालूनच सराव होतो.

घरी चालवताना अशक्त बाजूच्या हाताला धरून ओढू नये. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि ओढल्याने सांधा निसटू शकतो. आधार कमरेच्या पट्ट्यालाच द्यावा.

हा व्यायाम कधी करू नये?

पक्षाघातानंतरच्या पहिल्या दिवसांत तो मुळीच करू नये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१०४ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीत, पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जास्त प्रमाणात हालचाल करवलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती, नेहमीचे उपचार मिळालेल्या रुग्णांच्या मानाने कमी चांगली आढळली. म्हणून डॉक्टरांनी प्रकृती स्थिर असल्याचे लिहून दिल्यावरच आम्ही सुरुवात करतो. रक्तदाब आटोक्यात नसणे, छातीत दुखणे, अलीकडे येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, हृदयाच्या झडपेचा गंभीर आजार किंवा पायातील रक्तवाहिनीत गुठळी, यांपैकी काही असल्यास हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला होईपर्यंत व्यायाम थांबवला जातो. सत्र सुरू असताना छातीत दडपण, चक्कर, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती अचानक कमी होणे यांपैकी काहीही जाणवल्यास लगेच सांगावे. संकोच करू नये. शेवटची दोन लक्षणे घरी दिसली, तर आमच्या फोनची वाट न पाहता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

प्रगती दोन साध्या चाचण्यांनी मोजली जाते: १० मीटर चालण्यास लागणारा वेळ आणि सहा मिनिटांत कापलेले अंतर. १० मीटरला २५ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर चालणे बहुधा घरापुरते मर्यादित राहते. साडेबारा सेकंदांच्या आत आल्यास बाहेर बऱ्यापैकी मोकळेपणाने वावरता येते. प्रत्येकजण तेथवर पोहोचेल, असे आश्वासन आम्ही देत नाही.

पहिल्या भेटीला येताना रुग्णालयातून मिळालेला डिस्चार्जचा कागद, सध्याच्या सर्व औषधांची चिठ्ठी, ब्रेस किंवा काठी आणि मागून बंद असलेले, न घसरणारे बूट सोबत आणावेत. पुढे औषध किंवा त्याची मात्रा बदलल्यास, पुढच्या सत्रापूर्वी आम्हाला अवश्य कळवावे, कारण त्यानुसार ठोक्यांची मर्यादा नव्याने ठरवावी लागते.