रेल्वेच्या आधीपासून: नागपूरच्या परिषदा आणि प्रदर्शनांची पार्श्वभूमी

१८६५ च्या डिसेंबरात नागपुरात कलाकुसर, कारागिरी आणि शेतमालाचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा इथे रेल्वे नव्हती. मुंबईचा लोहमार्ग पोहोचला १८६७ मध्ये. रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते, त्या काळातली ही गोष्ट. देशाच्या मधोमध असण्याचा खरा फायदा शहराला मिळाला तो रेल्वे आल्यावर.

१९२० च्या डिसेंबरातले काँग्रेस अधिवेशन आयोजकांनी आजही अभ्यासावे असे आहे. स्वागताध्यक्ष होते जमनालाल बजाज. प्रतिनिधी आले चौदा हजारांवर! इतक्या गर्दीत नीट चर्चा कशी व्हायची? याच अधिवेशनात मंजूर झालेल्या पक्षाच्या नव्या घटनेने ५० हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी, अशी मर्यादा घातली. कोणाला आणि किती जणांना बोलवायचे, हा प्रश्न मंडपाच्या आधीचा आहे.

भारतीय विज्ञान काँग्रेस (१९२०), पहिले विश्व हिंदी संमेलन (जानेवारी १९७५) अशी मोठी संमेलनेही इथे झाली. पण ही सगळी पाहुणी. मंडप उतरला की पुढची बैठक दुसऱ्या गावी, आणि स्वागत समितीने कमावलेला अनुभव पांगून जायचा.

हे चित्र शेतीच्या प्रदर्शनाने बदलले. नितीन गडकरी यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये रेशीमबाग मैदानावर 'ॲग्रोव्हिजन' सुरू झाले आणि पुढे दाभ्याच्या मोठ्या मैदानावर गेले. माझ्या मते ते रुजले याचे श्रेय स्टॉलपेक्षा कार्यशाळांना जास्त आहे. संत्रा, कापूस, दुग्धव्यवसाय यांवर शेतकऱ्याला तिथे फुकट मार्गदर्शन मिळते. तो प्रश्न घेऊन येतो, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा येतो. आणि तो येतो म्हणून यंत्रे, बियाणे विकणाऱ्या कंपन्या स्टॉल घेतात. हा क्रम उलटा करून चालत नाही.

उद्योगांसाठी जानेवारी २०२४ मध्ये 'ॲडव्हांटेज विदर्भ' हे प्रदर्शन झाले, २०२५ मध्ये पुन्हा भरले. नव्या आयोजकांनी तारखा मात्र लवकर ठरवाव्यात. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे सगळ्यांची धाव हिवाळ्याकडे. आणि डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन असले की हॉटेलच्या खोल्या आधीच भरलेल्या असतात.