ऑक्सबर्गच्या विटा आणि चुन्याची करामत

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉरफोक परगण्यात घडाईचा चांगला दगड जवळपास नाहीच. गारगोटीचे गोटे मिळतात, पण दार-खिडकीचा सरळ कोपरा साधायला ते कुचकामी. माती मात्र हवी तेवढी. सर एडमंड बेडिंगफील्ड यांनी 1482 मध्ये राजा चौथा एडवर्ड याच्याकडून तटबंदीचा परवाना मिळवला आणि खंदकाने वेढलेला ऑक्सबर्ग हॉल बांधला, तो विटांचा. यात काटकसर नव्हती. त्या काळी तिथे वीट ही बड्या लोकांची हौस होती. सुमारे 80 फूट उंचीचा दरवाजा, दोन बाजूंना बुरूज, वर कंगोरे असा सगळा किल्ल्याचा थाट आहे. पण खिडक्या एवढ्या मोठ्या, की शत्रू आला असता तर त्याला फारसे कष्ट पडले नसते!

बुरुजातला गोल जिना मुद्दाम थांबून पाहावा असा आहे. पायऱ्या विटांच्या, मधला खांब विटांचा, डोक्यावर पिळत वर जाणारं छत विटांचं, एवढंच काय, भिंतीत बसवलेला हाताला धरायचा कठडासुद्धा विटांचाच. वीट दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही. म्हणून गवंड्याने छताला सगळीकडे कमानीचा बाक दिला. त्यामुळे वरचं वजन प्रत्येक विटेला शेजारच्या विटेवर दाबतच राहतं.

विटेचा लाल रंग मातीतल्या लोहाचा. भट्टीत भरपूर हवा खेळली, की लोहाचं लाल ऑक्साइड बनतं. जळणाच्या अगदी जवळच्या विटांचं वेगळंच होतं. लाकडाच्या राखेतलं पोटॅश (एक क्षार) आणि मातीतली सिलिका (वाळूतला मुख्य घटक) एकत्र वितळून विटेवर काळपट, काचेसारखी झिलई चढते. अशा विटा फेकून न देता त्या काळच्या अनेक इंग्रज घरांच्या भिंतींवर त्यांची चौकटीची नक्षी काढलेली दिसते.

पण माझ्या मते या घराचा खरा नायक वीट नव्हे, दोन विटांमधला चुना. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. ती पाण्यात विरवायची, वाळू घालून मळायची, भिंतीत भरायची. मग हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडीच बनतो. तरी तो विटेपेक्षा मऊच राहतो, आणि नेमकं तेच हवं असतं. भिंत थोडी खचली तर बारीक भेगा दरजांमध्ये, म्हणजे विटांमधल्या सांध्यांमध्ये, पडतात, वीट शाबूत राहते. भिंतीत शिरलेलं पाणीही याच दरजांमधून बाहेर पडतं. 1824 मध्ये पोर्टलंड सिमेंटचं पेटंट निघालं आणि पुढे कित्येक जुन्या इमारतींच्या दरजा सिमेंटने भरल्या गेल्या. सिमेंट कडक, त्यातून पाणी सहजी निघत नाही. ते विटेत अडकतं, थंडीत गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि विटेचे पापुद्रे काढतं. दुरुस्तीनेच घर बिघडवण्याचा हा प्रकार!

ऑक्सबर्गमध्ये 2016 साली छपरातून बाहेर डोकावणारी एक खिडकी ढासळून चौकात कोसळली. त्यानंतर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने छपराची मोठी दुरुस्ती हाती घेतली. 2020 मध्ये पोटमाळ्याच्या फळ्या उचलल्या तेव्हा खाली सापडली उंदरांची शेकडो वर्षांपूर्वीची घरटी. त्यात रेशीम, मखमल, लोकरीचे तुकडे आणि हाताने लिहिलेल्या कागदांचे कपटे होते. एका कामगाराला वळचणीच्या राडारोड्यात पंधराव्या शतकातल्या चर्मपत्राचा तुकडा मिळाला. त्यावर लॅटिन स्तोत्र आहे आणि त्याचा निळा व सोनेरी रंग अजून टवटवीत आहे. बेडिंगफील्ड घराणं कॅथलिक. त्यांच्या पंथाच्या उपासनेवर बंदी असताना धर्मगुरूला लपवण्यासाठी याच घरात फरशीखाली चोरखोली केलेली होती. त्यामुळे असं पान कुणी मुद्दाम दडवलं असेल, ही शंका साहजिक आहे.

ते टिकलं कसं, याचं उत्तर पुन्हा चुन्यातच आहे. फळ्यांखाली चुन्याच्या गिलाव्याचा जाड थर होता. त्याने कचऱ्यातली ओल शोषून घेतली, आणि कोरड्या जागी बुरशीचं काही चालत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला चॉकलेटचा एक रिकामा खोकासुद्धा तिथेच सापडला. तो कुणी आणि कुणापासून लपवला, याचा अंदाज करायला मात्र विज्ञान लागत नाही.