आशाताईंच्या सहा भेटी आल्या कुठून?

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येऊन पाहते. बाळंतपण घरी झालं असेल, तर पहिल्या दिवशीचीही एक भेट असते. केंद्र सरकारने २०११ साली देशभर लागू केलेल्या या पद्धतीचं मूळ गडचिरोलीत आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५-९६ मध्ये तिथल्या ३९ गावांत ७६३ नवजात बाळं घरोघरी जाऊन पाहिली. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती. ते मिळाले जेमतेम २.६ टक्के बाळांना. दवाखाना लांब, बाळंतीण खोलीबाहेर पडायची नाही आणि इतक्या लहान बाळाचं दुखणं घरच्यांना ओळखूही यायचं नाही. मग गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं गेलं. झोळीचा काटा, थर्मामीटर, सेकंदकाट्याचं घड्याळ, श्वास देण्याची पिशवी आणि मुखवटा एवढं त्यांचं सामान.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, कारण नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की हमखास चुकतं. मिनिटाला ६० किंवा जास्त भरले, तर पुन्हा मोजायचे. वजन पहिल्या आठवड्यात थोडं उतरतंच, पण दहाव्या दिवसापर्यंत ते भरून यायला हवं. नाही आलं, तर आधी बाळ स्तनाला नीट लागतंय का, ते पाहायचं.

खरा कस लागला जंतुसंसर्ग ओळखताना. रक्ततपासणीची सोय नव्हती, म्हणून साध्या डोळ्यांना दिसणारी लक्षणं ठरवली: दूध ओढणं कमी होणं किंवा थांबणं, रडणं क्षीण होणं, हातपाय लुळे पडणं, उलट्या किंवा पोट फुगणं, अंग गार किंवा तापलेलं असणं, छाती आत ओढली जाणं, बेंबीत पू होणं. यांतली दोन एकदम दिसली, की आईवडिलांना दवाखान्याचा सल्ला द्यायचा. ते जायला तयार नसतील, तर त्यांच्या संमतीने घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडावाटे को-ट्रायमॉक्साझोल, ही दोन जंतुनाशक औषधं आरोग्यदूत द्यायच्या. संसर्ग झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. हजार जन्मांमागे पहिल्या २८ दिवसांत दगावणारी बाळं ६२ वरून २५ झाली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने १९९९ साली हे निष्कर्ष छापले.

देशाने भेटी, वजन, ऊब, स्तनपान हे सगळं उचललं. इंजेक्शन मात्र आशाताईच्या हाती दिलं नाही. आमच्या मते या पद्धतीचा सर्वांत धारदार भाग तिथेच गळाला. दवाखान्यात नेणं शक्य नसेल तेव्हा नर्सताईने जेंटामायसिन द्यावं, अशी मुभा २०१४ मध्ये मिळाली. आशाताईकडे मात्र हे इंजेक्शन नसतं, म्हणून कालपर्यंत नीट पिणाऱ्या बाळाने आज दूध ओढणं सोडलं, तर आशाताईच्या पुढच्या भेटीची वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि बाळाला छातीशी, उघड्या अंगाला लावून, वरून पांघरूण घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा.