नवी दगडखाण आणि पाच हेक्टरचा घोळ : पार्श्वभूमी

सोलापूरच्या आसपास नव्या दगडखाणीचा प्रस्ताव आला की गावकरी धूळ, पाणी आणि सुरुंगाच्या हादऱ्यांवरून हरकत घेतात, आणि त्यावर कंपनीची उत्तरे साधारण ठरलेली असतात. रस्त्यावर टँकरने पाणी मारू, क्रशर पत्र्याने झाकू, फवारे बसवू, कडेने चर काढू, झाडे लावू, सुरुंग दिवसाच उडवू. यातले बहुतेक मुद्दे परवानगीच्या अटींमध्ये आधीपासूनच असतात. कंपनी पदरचे फारसे काही देत नाही. शिवाय ज्या शहराला उजनीचे पाणी वर्षानुवर्षे काही दिवसांआड मिळत आले, तिथे धूळ बसवायला रोज टँकर कुठून भरणार, हा गावकऱ्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्तच आहे.

काळा दगड इथे नवा नाही. भुईकोट किल्ल्याच्या तटापासून तो दिसतो. घण-पहार घेऊन दगड फोडणाऱ्या वडारांचे काम माळावरच्या एखाद्या खड्ड्यापुरते असे. पुणे, विजापूर आणि तुळजापूरकडचे रस्ते चौपदरी होऊ लागले तशी खडीची मागणी वाढली, पोकलेन आले आणि खड्ड्याची खाण झाली.

कायद्याच्या लेखी दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजे. 1957च्या खाण कायद्याने त्यांचे नियम करणे राज्यांवर सोपवले. जिल्ह्यात खाणपट्टा मिळायचा, तहसीलमध्ये ब्रासवर (शंभर घनफुटांच्या मापावर) स्वामित्वधन म्हणजे रॉयल्टी भरायची, की झाले. 2006च्या केंद्रीय अधिसूचनेने खाणींना पर्यावरण मंजुरी सक्तीची केली, पण गौण खनिजाचा पाच हेक्टरांहून लहान पट्टा त्यातून सुटला. खाणीचे क्षेत्र किती धरायचे, या आजच्या वादाचे मूळ इथेच आहे. पाचच्या आत राहिले की पर्यावरण परिणामांचा अभ्यास नाही, जनसुनावणी नाही. मग मोठी खाण हवी असणाऱ्याने शेजारी-शेजारी लहान पट्टे घ्यावेत, यात नवल ते काय?

27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातल्या प्रकरणात ही पळवाट बंद केली. पाच हेक्टरांखालच्या पट्ट्यालाही मंजुरी लागू लागली. केंद्राने जानेवारी 2016 मध्ये त्यावर जिल्हास्तरीय प्राधिकरणाचा तोडगा काढला. पंचवीस हेक्टरांपर्यंतची प्रकरणे सुनावणीशिवाय, आणि त्यातली लहान पट्ट्यांची जिल्ह्यातच निकाली निघू लागली. खाणपट्टा देणारे जिल्हा प्रशासन आणि त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे तपासणारी समिती एकाच आवारात बसत असेल, तर त्या तपासणीवर गावाने किती भरवसा ठेवायचा? सप्टेंबर 2018 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ही सवलत अमान्य केली. पाच हेक्टरांवरच्या प्रकरणांना पर्यावरण परिणामांचा अभ्यास, जनसुनावणी आणि राज्यस्तरीय छाननी लागू झाली. जिल्ह्याने आधी दिलेल्या मंजुऱ्या राज्यस्तरावर पुन्हा तपासण्याचे ठरायला 2023 उजाडले.

आता सारा जोर ‘क्लस्टर’वर आला आहे. दोन पट्ट्यांच्या हद्दींमध्ये 500 मीटरपेक्षा कमी अंतर असेल आणि खनिज एकच असेल, तर त्यांचे क्षेत्र एकत्र धरायचे. बेरीज पाचच्या वर गेली की सुनावणी. नियम सरळ वाटतो, पण त्याला पोटनियम आहेत. 9 सप्टेंबर 2013 च्या आधी दिलेले पट्टे आणि तीन वर्षे किंवा अधिक काळ बंद असलेल्या खाणी या बेरजेत धरल्या जात नाहीत. सोलापूरच्या माळावर जुने खड्डे कमी नाहीत. गावकरी डोळ्यांनी दिसणाऱ्या सगळ्या खाणी मोजतात, कंपनीचा सल्लागार कागदावर मोजतो, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. ‘परिसरात अन्य खाण नाही’ हे वाक्य अहवालात आले की म्हणूनच आवाज चढतो.

माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याचा मुद्दा यात अधूनमधून येतो. 1979 चे अभयारण्य कागदोपत्री सुमारे 8,496 चौरस किलोमीटरचे होते. 2012 मध्ये ते 1,222 वर आले. उरलेल्या हद्दीभोवती 400 मीटरपर्यंत पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे आणि तिथे दगडखाण व क्रशरला मनाई आहे. वगळलेल्या माळांना हे संरक्षण नाही.

सुरुंगाच्या हादऱ्यांबद्दल कंपनी नेहमी ‘मानकाच्या आत’ एवढेच सांगते. ते मानक 1997चे आहे. खाणमालकाची नसलेली घरे असतील आणि कंपनाची वारंवारिता 8 हर्ट्झपेक्षा कमी (म्हणजे सेकंदाला आठपेक्षा कमी कंपने) असेल, तर जमीन हलण्याच्या वेगाला सेकंदाला 5 मिलिमीटर ही मर्यादा. वारंवारिता वाढली की मर्यादा 10 आणि मग 15 होते. कच्चे घर आणि विटा-सिमेंटचे घर त्यात एकाच रकान्यात आहेत. इकडे मातीचे माळवद अजून बऱ्याच घरांवर आहे. पहिल्याच सुरुंगाला वरून माती गळते, आणि यंत्रावरचा आकडा मात्र मर्यादेतच असतो.

जनसुनावणीत मतदान होत नाही आणि गणपूर्तीचीही अट नाही. जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी अध्यक्षस्थानी असतो. किमान तीस दिवस आधी जाहिरात द्यावी लागते. लोकांचे मुद्दे आणि त्यांवर कंपनीचे म्हणणे यांचे निवेदन स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत तयार करून इतिवृत्तासोबत वर पाठवले जाते. क्लस्टरच्या बेरजेत कोणता खड्डा राहून गेला हे गट क्रमांकासह लेखी दिले, तर छाननी समितीसमोर कंपनीला त्याचे उत्तर द्यावे लागते.